माग थांबतो कसा?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्राच्या ब्रेकवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. वार्षिकात कविता असावी, कथा असावी, फार तर सहलीचे वर्णन असावे, असा आपल्याकडे संकेतच आहे. परंतु यंत्रमागाविषयी वाचताना मला एक मोठा आधार सापडला. यांत्रिक मागाचे पेटंट १७८५ साली ज्याने घेतले, तो एडमंड कार्टराइट हा इंग्रज गृहस्थ ऑक्सफर्डला शिकलेला धर्मोपदेशक होता आणि कविताही लिहीत असे. तेव्हा हा विषय आपल्या शाखेच्या अगदीच बाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये.

या कार्टराइटची हकीकत मोठी गमतीची आहे. १७८४ च्या उन्हाळ्यात तो मॅटलॉक नावाच्या गावी गेला होता. जवळच आर्कराइटच्या सूतगिरण्या होत्या. तेथे मँचेस्टरच्या काही मंडळींशी त्याचे बोलणे झाले. यंत्राने सूत इतके निघू लागले, तर ते विणणार कोण, असा प्रश्न निघाला. कार्टराइट म्हणाला, विणण्याचेही यंत्र करावे. त्या अनुभवी मंडळींनी ही गोष्ट अशक्य ठरविली. तेव्हा त्याने दाखला दिला तो लंडनमध्ये त्या सुमारास दाखविल्या जाणाऱ्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा. यंत्र बुद्धिबळ खेळू शकते, मग कापड विणणे का जमू नये? (त्या बुद्धिबळाच्या यंत्राच्या पेटीत माणूस लपून बसत असे, हे पुढे उघडकीस आले. वाचकांनी हा माणूस लक्षात ठेवावा.)

कार्टराइटने तोपर्यंत कोणाला विणताना पाहिलेदेखील नव्हते. त्याने बनविलेला पहिला माग इतका अवजड होता की दोन धट्टेकट्टे गडी लावून तो हळूहळू आणि थोडाच वेळ चालविता येई. पेटंट घेतल्यावर मग तो इतर लोक कसे विणतात हे पाहावयास गेला! पुढे त्याने पुष्कळ सुधारणा केल्या. त्याचे माग बसविलेली मँचेस्टरची एक गिरणी १७९२ मध्ये जाळण्यात आली. १८०९ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्याला दहा हजार पौंड दिले, ही त्याची भरपाई.

आता मुद्द्याकडे येतो. माग चालविणे ही अडचण कार्टराइटने सोडविली. परंतु योग्य वेळी माग थांबविणे ही त्याहून मोठी अडचण होती. ती पुरती सुटायला आणखी शंभर वर्षे लागली, आणि आमच्या गावात ती आजही पुरती सुटलेली नाही. हे कसे, ते समजण्यासाठी माग म्हणजे काय हे थोडक्यात सांगावे लागेल. इचलकरंजीच्या मित्रमैत्रिणींना यात नवे काही नाही. त्यांनी हा एक परिच्छेद सोडला तरी चालेल.

मागावर उभे धागे ताणून बसविलेले असतात, तो ताणा. ते मागे बीमवर गुंडाळलेले असतात आणि वहीच्या डोळ्यांतून व फणीच्या दातांतून पुढे येतात. वही वरखाली झाली की ताण्याचे दोन थर होऊन मध्ये फट पडते. या फटीतून धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि धोटा जाईल तसा तिचा धागा मागे पडत जातो. हा आडवा धागा म्हणजे बाणा. मग फणी पुढे येऊन बाण्याला ठोकून कापडाशी बसविते. झाले एक वेळचे विणणे. साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे करतो असे धरले, तर हे सारे ०.४ सेकंदात होते. आपली पापणी एकदा मिटून उघडेपर्यंत धोटा या टोकाहून त्या टोकाला पोहोचतो.

या गतीत तीन गोष्टी बिघडू शकतात. पहिली, बाणा तुटतो किंवा कांडी संपते. दुसरी, धोटा पलीकडच्या पेटीत न पोहोचता ताण्यातच अडकतो. तिसरी, ताण्याचा एखादा धागा तुटतो. हातमागावर या तिन्ही गोष्टी विणकराला तत्काळ कळतात, कारण धोटा त्याच्या हाताने चाललेला असतो आणि फणीही त्याच्याच हातात असते. काही चुकले की हात आपोआप थांबतो. यंत्रमागाला असे काही कळत नाही. बाणा संपला तरी रिकामा धोटा इकडून तिकडे पळतच राहील, कापड पुढे सरकतच राहील, आणि मध्ये नुसत्या उभ्या धाग्यांचे खिंडार पडेल. म्हणून सुरुवातीच्या यंत्रमागावर प्रत्येक मागाशी जवळजवळ एक माणूस डोळे लावून उभा असे. मग यंत्राने वाचविले काय? हात वाचविले, डोळे वाचविले नाहीत. कार्टराइटलाही हे उमगले होते. त्याने पुढच्या पेटंटांत माग थांबविण्याच्या युक्त्या घातल्या होत्या, पण त्या काळात त्या नीट जमल्या नाहीत.

बाण्याचा प्रश्न ज्याने सोडविला त्याचे नाव जॉन रॅम्सबॉटम. लँकेशायरच्या हद्दीवरील टॉडमॉर्डन या गावचा हा तरुण. १८३४ साली त्याने रिचर्ड होल्टबरोबर ‘वेफ्ट फोर्क’चे पेटंट घेतले, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा, म्हणजे आपल्याच वयाचा होता. हाच रॅम्सबॉटम पुढे रेल्वेचा मोठा इंजिनिअर झाला. गाडी न थांबता धावता धावता रुळांमधील चरातून पाणी उचलून घेईल अशी सोय त्याने १८६० साली केली. मागाला थांबावयास शिकविणाऱ्या माणसाने आगगाडीला न थांबण्याची सोय करून द्यावी, ही मला फार मौजेची गोष्ट वाटते.

वेफ्ट फोर्क म्हणजे बाण्यासाठी बसविलेला काटा. जेवणाच्या टेबलावरील काट्यासारखी त्याला तीन बारीक बोटे असतात, ती खाली वाकलेली असतात. मागच्या बाजूला त्याला आकड्यासारखी शेपटी असते. मध्ये तो एका खिळीवर तराजूच्या दांडीसारखा झुलता बसविलेला असतो. त्याची जागा मागाच्या एका कडेला, कापडाचा काठ आणि धोट्याची पेटी यांच्या मध्ये. तेथेच फणीच्या चौकटीत एक लहानशी उभ्या गजांची जाळी असते. फणी पुढे येते तेव्हा जाळी काट्यावर चालून येते. बाण्याचा धागा ठीक असेल तर तो जाळीसमोर आडवा ताणलेला असतो. तो काट्याच्या बोटांना ढकलतो, बोटे मागे जातात आणि शेपटी वर उचलली जाते. धागा नसेल तर बोटे जाळीच्या गजांमधून सरळ आरपार जातात, त्यांना कोणी ढकलत नाही, आणि शेपटी खालीच राहते.

आता खाली एक दांडा असतो. मागाच्या खालच्या शाफ्टवरील उंचवट्यामुळे तो ठराविक वेळी मागे-पुढे होत असतो. शेपटी वर असेल तर दांडा तिच्या खालून निमूटपणे जातो. शेपटी खाली असेल तर ती दांड्याच्या खाचेत अडकते. दांडा काट्याला ओढतो, काटा हँडलला ढकलतो, हँडल खाचेतून सुटते आणि माग बंद पडतो.

मी हे पहिल्यांदा नीट न्याहाळले तेव्हा मला जाणवले की, या यंत्रात कोणी ‘धागा तुटला’ असे ओळखत नाही. धागा आहे तोपर्यंत तो प्रत्येक वेळी मागाला सांगतो, ‘मी आहे, चालू दे.’ धाग्याने सांगावयाचे थांबविले की माग थांबतो. म्हणजे थांबणे ही मागाची मूळ स्थिती आहे आणि प्रत्येक फेऱ्याला त्याला चालण्याची नवी परवानगी मिळते. एका केसाएवढ्या सुताच्या जोरावर शेकडो किलोचे लोखंड चालू राहते. ज्याने ही कल्पना काढली त्याला मी कवींच्याच पंक्तीला बसवीन.

या काट्यात एक उणीव आहे. तो एकाच कडेला असतो आणि खालचा शाफ्ट वरच्या शाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे तो दर दोन फेऱ्यांत एकदाच तपासणी करतो. फणीच्या मध्यभागी बसविलेला काटा असतो तो दर फेऱ्याला तपासतो. पण तो नाजूक, त्याला सांभाळावे लागते. साध्या मागांवर कडेचाच काटा दिसतो.

परंतु हँडल सुटले म्हणजे माग थांबला असे नव्हे, आणि खरा ब्रेक येथे येतो. हँडल सुटल्याने पट्टा फिरत्या पुलीवरून शेजारच्या सुट्या पुलीवर सरकतो, किंवा मोटारीची शक्ती तुटते. पण फिरत असलेल्या जड भागांचा वेग एकदम कसा जाईल? सायकलचे पायडल मारणे सोडले तरी सायकल पुढे जातेच. माग असा आणखी चार फेरे फिरला तर काट्याने वेळेवर बातमी देऊन उपयोग काय? म्हणून वरच्या शाफ्टवर एक ब्रेकचे चाक असते आणि त्याला चिकटून बसणारा, आतून चामड्याचा किंवा तशाच घर्षणाच्या पट्टीचा अस्तर लावलेला कमानदार तुकडा असतो. हँडलशी तो अशा रीतीने जोडलेला असतो की हँडल चालूच्या खाचेत असताना तो चाकापासून दूर राहतो आणि हँडल सुटताच चाकावर आवळला जातो. पट्टा सुटणे आणि ब्रेक लागणे या दोन्ही गोष्टी एकाच झटक्यात होतात. अस्तर झिजले किंवा त्यावर तेल उडाले की ब्रेक घसरतो. माग उशिरा थांबू लागला की जॉबर प्रथम हेच पाहतो.

दुसरा बिघाड म्हणजे धोटा अडकणे. हा सर्वांत वाईट. फटीत अडकलेल्या धोट्यावर फणी येऊन आदळली तर शेकडो धागे एका दमात तुटतात. ते पुन्हा एकेक करून जोडण्यात पाळीचा बराच भाग जातो. येथे काट्याचा उपयोग नाही, कारण फणी आदळण्यापूर्वीच माग थांबला पाहिजे. यासाठी मागाखाली एक आडवी सळई असते, तिला पोलादी जिभा असतात. धोटा पेटीत नीट शिरला की तो पेटीच्या आतील एक पट्टी दाबतो. त्या दाबाने सळई फिरते आणि जिभा वर उचलल्या जातात. धोटा आला नाही तर जिभा खालीच राहतात आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना बसविलेल्या पोलादी ठोकळ्यांवर थेट जाऊन आदळतात. फणी जागच्या जागी अडते. त्याच धक्क्याने हँडल सुटते व ब्रेक लागतो. हा आवाज फार मोठा होतो, आणि शंभर मागांच्या खडखडाटातही जॉबरला तो वेगळा ऐकू येतो. हलक्या कापडासाठी दुसरी युक्ती आहे. तिच्यात फणीच सैल बसविलेली असते. धोट्याशी गाठ पडली की ती मागे झुकते आणि धागे वाचतात. ही सैल फणी ब्लॅकबर्नच्या जेम्स बुलोने १८४२ मध्ये काढली. त्याच्या आदल्या वर्षी बुलो व केनवर्दी या दोघांनी वेफ्ट फोर्क व इतर सुधारणा एकत्र करून जो माग सिद्ध केला, तो लँकेशायर लूम. आमच्या गावात आज जे साधे यंत्रमाग आहेत ते घडणीने त्याच्याच वंशातले आहेत.

येथपर्यंत दोन बिघाडांचा बंदोबस्त झाला. तिसरा राहिला.

ताण्यावर धागे किती असतात याचा हिशेब करू. पन्नास इंच पन्हा आणि इंचाला साठ धागे धरले तर तीन हजार. यांतील एक तुटला तर त्याची जागा कापडात रेघेसारखी रिकामी राहते आणि ती रेघ लांबत जाते. तुटलेले टोक शेजारच्या धाग्यांत गुरफटून आणखी घोळ करते तो वेगळाच. इंचाला साठ बाणे या हिशेबाने माग मिनिटाला अडीच इंच कापड विणतो. दहा मिनिटे लक्ष गेले नाही की पंचवीस इंच कापड खराब. बाण्यासाठी एक काटा पुरतो, कारण बाणा एकच असतो. ताण्याच्या तीन हजार धाग्यांवर लक्ष कोण ठेवणार? उत्तर एकच, तीन हजार पहारेकरी. प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी अडकवावयाची. धागा ताठ आहे तोवर पट्टी त्याच्यावर लोंबकळत राहते. धागा तुटला की ती खाली पडते. खाली दातेरी सळया असतात, त्यांतली एक सारखी हालत असते. पडलेली पट्टी तिच्या दातांत अडकून तिची हालचाल रोखते आणि त्यातून हँडल सुटते. विजेच्या पद्धतीत पडलेली पट्टी दोन वेगळ्या ठेवलेल्या धातूच्या पट्ट्यांना एकत्र जोडते, मंडल पूर्ण होते व विद्युतचुंबक काम करतो. तत्त्व तेच, रॅम्सबॉटमचे. धागा जोवर ‘मी आहे’ म्हणतो तोवर चालावयाचे.

ही योजना मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेत, १८९० च्या दशकात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होपडेल येथील ड्रेपर कंपनीत जेम्स नॉर्थ्रॉप या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने माग चालू असतानाच संपलेली कांडी बदलणारा माग बनविला. कांडी आपोआप बदलू लागल्यावर माणूस दर पाच-सात मिनिटांनी मागापाशी येईनासा झाला. तो येत होता तोपर्यंत कांडी बदलता बदलता ताण्यावरही नजर टाकत होता. ती नजर गेली, म्हणून पट्ट्या बसवाव्याच लागल्या. एक काम यंत्राकडे दिले की त्याच्या आडून माणूस दुसरे कोणते काम करीत होता ते तेव्हा कळते.

जपानमध्ये साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने हीच वाट धरली. आईला हातमागावर कष्ट करताना पाहून तो मागाच्या नादी लागला. १८९६ साली त्याने केलेल्या यंत्रमागात बाणा तुटला की आपोआप थांबण्याची सोय होती. १९२४ च्या त्याच्या ‘जी’ जातीच्या मागात पूर्ण वेगात असताना धोटा बदलला जाई. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरने जगाला माग दिले, त्या लँकेशायरला जपानी माणसाकडून विद्या विकत घ्यावी लागली. त्याच घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला. त्यांच्या मोटारींच्या कारखान्यात दोष दिसताच कामगाराने दोरी ओढून काम थांबवावे असा जो प्रसिद्ध नियम आहे, त्याचे मूळ या मागात आहे. वाणिज्य शाखेचे मित्र परीक्षेसाठी हे पाठ करतात. त्यामागे एक सुताचा तुकडा आहे, एवढेच मला त्यांना सांगावयाचे आहे.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. माग आपोआप थांबू लागला की एका माणसाने किती माग सांभाळावयाचे, हा प्रश्न येतो. येथे यंत्रशास्त्र संपते आणि आपल्या अर्थशास्त्राच्या व इतिहासाच्या तासाला शिकविला जाणारा विषय सुरू होतो. लँकेशायरमध्ये एका विणकराकडे सर्वसाधारणपणे चार माग असत. मालकांनी त्याहून जास्त माग द्यावयाचे ठरविले, त्यावरून बर्नली भागात मोठा तंटा पेटला. १९३१ साली टाळेबंदी झाली व १९३२ मध्ये संप झाला. मुंबईच्या गिरण्यांत विणकराकडे दोन माग असत. काही गिरण्यांनी दोनाचे तीन केले, आणि १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या कारणांत हेही एक कारण होते. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. थांबण्याची सोय मागात आली म्हणून कामगाराचा भार हलका झाला, असे कोठेच सरळ घडले नाही. जो भार उतरला त्याच्या जागी दुसरा माग आला.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. आज गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. माझे वडील येथे साध्या यंत्रमागावर काम करतात, आई कांड्या भरते. अण्णांकडे चार माग आहेत. त्यांच्या मागांना बाण्याचा काटा आहे, धोट्याचे संरक्षण आहे, ब्रेक आहे. ताण्याच्या पट्ट्या नाहीत. म्हणजे एका बारा तासांच्या पाळीत बारा हजार धाग्यांवर नजर ठेवावयाची. शिवाय एक कांडी सरासरी सहा मिनिटांत संपते असे धरले तर चार मागांच्या मिळून पाळीत साडेचारशेहून अधिक कांड्या बदलावयाच्या. कांडी संपलेली काटा सांगतो. ताणा तुटलेला कोण सांगणार? अण्णा म्हणतात, “तार तुटल्याली मागाला कळत न्हाई. मला कळाय पायजे.” कापडात रेघ निघाली तर पैसे मजुरीतून जातात. माग थांबवून ठेवला तरी जातात, कारण मजुरी मीटरवर आहे. कार्टराइटच्या काळचे ते बुद्धिबळाचे यंत्र वाचताना मला पेटीतला माणूस ओळखीचा वाटला तो यामुळे. फरक इतकाच की आमच्या यंत्रातला माणूस लपलेला नाही. तो चार मागांच्या मधल्या बोळात उभा आहे.

या मागांवर पट्ट्या बसविता येत नाहीत असे मुळीच नाही. साध्या यंत्रमागांवर जागच्या जागी सुधारणा करण्यासाठी केंद्र सरकारने अनुदान दिले. एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत हा भाग होता. सुधारणांच्या संचात ताण्यासाठी व बाण्यासाठी थांबण्याची साधने होती आणि चांगला ब्रेकही होता. काहींनी संच बसविले, पुष्कळांनी बसविले नाहीत. लहान मागधारकांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. ते दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतात, आणि कापड थोडे चांगले निघाले म्हणून मजुरी वाढतेच असे नाही. मग खर्च कशाच्या जोरावर करावयाचा? कामगारांची धास्ती वेगळी. मी अण्णांना विचारले, “पट्ट्या बसवल्या तर तुमचे डोळे सुटतील की!” ते म्हणाले, “डोळं सुटतील, पर मग चाराचं आठ माग हुतील. आठांभवती पळायचं पाय कुणाचं?” बर्नलीच्या विणकरांविषयी मी त्यांना तोपर्यंत काही सांगितलेले नव्हते.

माझे स्वतःचे मत असे की पट्ट्या बसवाव्यात, परंतु माग किती वाढवावयाचे व मीटरचा दर काय, हे त्याच बैठकीत ठरावे. मागून ठरविण्यासारखी ती गोष्ट नाही.

गावात आता ऑटोलूमचे कारखानेही पुष्कळ झाले आहेत. त्यांत धोटा नसतो, बाणा हवेच्या झोताने किंवा पातळ पट्टीला धरून नेला जातो. हवेच्या झोताचा माग मिनिटाला सहाशे फेरे करीत असेल तर एक फेरा ०.१ सेकंदाचा झाला. तेवढ्यात पलीकडच्या टोकाचा विद्युत डोळा बाणा पोहोचला की नाही हे पाहतो आणि नसेल तर विद्युतचुंबकीय ब्रेक लावतो. माग थांबला की रंगीत दिवा लागतो. ताणा तुटला की बाणा, हे कामगाराला लांबूनच दिव्याच्या रंगावरून कळते. तरीही थांबणे फुकट नसते. थांबलेल्या मागावरील धाग्यांचा ताण थोडा बदलतो आणि पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी पुसटशी खूण उमटू शकते. चांगले कापड उजेडासमोर धरले तर माग कोठे थांबला होता ते जाणत्या माणसाला सांगता येते.

आमच्या गल्लीतील एका कारखान्यात यंदा जुन्याच आठ मागांवर ताण्याच्या पट्ट्या बसविण्याचे घाटत आहे. त्यात एक नवीच अडचण निघाली आहे. नवे बीम आले की वहिफणीवाले तीन हजार धागे एकेक करून वहीतून व फणीतून ओवतात. त्यात आता प्रत्येक धाग्यावर पट्टी घालण्याचे काम वाढणार. त्या कामाचा दर वेगळा धरावयाचा की जुन्याच दरात ते करून घ्यावयाचे, याबद्दल बोलणी चालू आहेत आणि पट्ट्यांचे खोके अद्याप उघडलेले नाही.